दबक्या आवाजाचं घर

आठ वर्षं ती बेकरीत रात्रपाळीला होती. सगळं जग कामाला लागायचं तेव्हा ही पिठाने माखलेली घरी यायची आणि पडदे ओढून आडवी व्हायची. दाराआडून दोघी मुलींचं खिदळणं कानावर पडायचं. मग नवऱ्याचं "शूऽऽ, आई झोपलीय!" आणि सगळं चिडीचूप. उठून त्यांच्यात जाऊन बसावं म्हणून तिचा जीव तळमळायचा, पण डोळे काही उघडायचे नाहीत.

अखेर तिला दिवसपाळी मिळाली. पहिल्याच संध्याकाळी चौघं एकत्र जेवायला बसली. धाकटीने शाळेतली गंमत सांगितली, ती कुजबुजतच. थोरलीने तोंडावर हात दाबून हसू आवरलं. नवऱ्याने पाण्याचं भांडंसुद्धा अलगद ठेवलं.

"अरे, मी जागी आहे ना! आता मोठ्यानं बोला की," ती म्हणाली.

धाकटी गोंधळली. "मोठ्यानंच बोलतेय गं, आई."

हातातला घास ताटात ठेवून तिने खुर्ची धाकटीजवळ ओढली.

"बरं, मग पहिल्यापासून सांग. मला नीट ऐकायचंय."