चिमाआत्या गडग्यावर चढली

चिमाआत्याच्या तोंडाला वाडीत कोण घाबरत नाही? पोस्टमन घाबरतो, एसटीचा कंडक्टर घाबरतो, शेजारी बाळा आहे, त्याच्या गोठ्यातला पाडा तर तिचा आवाज ऐकला की आपणहून वाट बदलतो. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली ही बाई सत्तरी ओलांडली तरी अखंड बोलत होती. आणि यंदाच्या कापणीत ती गप्प झाली! बायका एकमेकींना विचारायला लागल्या, म्हातारीला बरं नाही की काय?

बरं होतं हो. दुखणं होतं ते भाच्याचं.

भाचा रितेश, तिच्या भावाचा मुलगा. वीस वर्षं विरारला लाद्या बसवायचं काम करत होता. कटरची धूळ खाऊन खाऊन छातीत खोकला बसला आणि डॉक्टरने स्वच्छ सांगितलं, ही धूळ सोड, नाहीतर पोरीचं लग्न बघायला उरणार नाहीस. मग बायको श्रद्धा आणि लेक सानवीला तिकडेच ठेवून तो पावसाच्या आधी गावी आला. घरामागच्या चढावर काजू होतेच, त्यांच्या मध्ये त्याने हापूसची कलमं लावली. ठरलं असं, की इथे बस्तान बसलं तर मे महिन्यात मायलेकींनी यायचं. नाही बसलं तर त्याने पुन्हा विरार गाठायचं आणि कटर हातात घ्यायचा. "दुसरं येतंय काय मला, आत्ये?" तो म्हणायचा. हे ऐकलं की चिमाआत्या धास्तावायची. भाऊ गेला, वहिनी गेली. हा एक उरला होता, आणि तोही खोकत होता.

आता कलमं लावली खरी, पण पावसात बागेचा गडगा, म्हणजे नुसत्या दगडांचं कुंपण, ढासळला. बैलगाडी आत जाईल एवढं खिंडार पडलं. कापण्या आटपल्या की आमच्याकडे गुरं मोकळी सुटतात, मग त्यांना आपलं काय आणि परक्याचं काय! एका सकाळीत ती कलमांच्या काड्या करून टाकतील. म्हणजे गुरं सुटायच्या आत गडगा उभा राहायला हवा. माणसं मिळेनात. पण चिमाआत्याला गडगा घालता येत होता. भाऊ मुंबईला पळाला तेव्हा बापाने दगड हिच्या हातात दिले होते.

"मी शिकवते तुला," ती म्हणाली. "दगडावर दगड. सिमेंट नाय, माती नाय. हाय काय त्यात?"

रितेश उत्साहाने कामाला लागला. सुतळी बांधली, सपाटी बघायची पाणसळ काढली, रबरी हातोडा काढला. चिमाआत्या हसून हसून लोटपोट. "दगडाला रबर दाखवतोस? अरे, लाजेल तो!" दोघांनी पाया खणून मोठे धोंडे खाली बसवले, तोवर सगळं झकास चाललं होतं. पुढे भिंत वर यायला लागली आणि बिनसलं. गडग्याला दोन बाजू असतात आणि मध्ये बारीक दगडांची भर. प्रत्येक दगडाचं लहान तोंड बाहेर ठेवायचं आणि लांब शेपूट आत भरीत घुसवायचं, म्हणजे दगड दगडाला धरून राहतो. पण रितेशचा हात पडला लादीवाल्याचा. दगड उचलला की त्याची सगळ्यात रुंद, सगळ्यात देखणी बाजू तो बाहेर लावायचा, उभी, लादीसारखी.

"शेपूट आत!" चिमाआत्या ओरडायची. "मेल्या, न्हाणीघर बांधतोस काय? शेपूट आत!"

पाचपन्नास वेळा ऐकून घेतल्यावर रितेशने हातोडा भिरकावला. काजूखाली बसला आणि मोबाईल काढला. विरारच्या ठेकेदाराचा फोन होता, एका टॉवरचं काम निघालं होतं. "बघतो," रितेश त्याला म्हणाला. तो एक शब्द चिमाआत्याच्या काळजात रुतला. त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी कापणीचं निमित्त करून ती शेतावर गेली, आणि रोज जात राहिली. गडग्याकडे फिरकलीच नाही. समोर गेले तर बोलेन, आणि बोलले तर हा जाईल, असा तिचा हिशेब.

गडगा पुरा झाला त्या संध्याकाळी रितेशने तिला हात धरून नेलं. आणि काय सांगू, गडगा असा दिसत होता की आरसाच! कमरेइतका उंच, सुतळीत सरळ, बोट घालायला फट नाही. बाळा फोटो काढून मुंबईकरांच्या ग्रुपवर टाकत होता. "आत्ये, उद्या सोडतो गुरं," बाळा म्हणाला. "आता डर कसली?"

चिमाआत्याने एकदाच बघितलं आणि तिला कळून चुकलं. सगळे दगड उभे. शेपूट कुठेच आत नाही. दोन बाजूंना दोन देखण्या पातळ भिंती, आणि मध्ये चुरा भरलेला. म्हशीने पाठ घासायचा अवकाश, की गडगा आडवा!

बोलायला तिने तोंड उघडलं, आणि रितेशकडे बघितलं. तो हसत होता. गावी आल्यापासून पहिल्यांदा, लहानपणी हसायचा तसा. तिने तोंड मिटलं.

"चल आत्ये," तो म्हणाला, "आजोबांची रीत. तूच सांगितलीस ना?"

रीत अशी, की गडगा पुरा झाला म्हणजे शिकवणाऱ्याने त्यावरून अनवाणी चालायचं. दगड हलला नाही तर शिकणारा पास. चिमाआत्याला नाही म्हणता आलं असतं. पाय दुखतात म्हटलं असतं तर कोणी हट्ट धरला नसता. पण नाही म्हटलं तर त्याला कळणार, आणि चालले तर कदाचित, कोण जाणे, माझ्या वजनाला टिकेलही. मी आहे तरी केवढी! असा वेडा विचार करून ती बाई चपला काढून गडग्यावर चढली.

चार पावलं चालली. मांजरीसारखी, श्वास धरून. पाचव्या पावलाला पायाखालचा दगड कुरकुरला. पुढचा सरकला. मग गडग्याचं पोट बाहेर आलं आणि धडाधडा तेवढा भाग खाली, चिमाआत्यासकट. रितेशने झेप घेऊन तिला धरलं म्हणून डोकं वाचलं, पण घोटा मुरगळला.

तिला मांडीवर घेऊन तो धुरळ्यात बसला होता. "लागलं काय गो? कुठे लागलं?" आणि मग तिचा चेहरा बघून त्याला समजलं. "आत्ये, तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग चढलीस कशाला?"

"तू हसत होतास रे," चिमाआत्या म्हणाली, आणि रडायला लागली.

रितेशने तिला पाठीवर घेऊन घरी आणलं, आंबेहळदीचा लेप लावला, भात वाढला, सगळं मुक्याने. त्याच्या मनात काय आहे ते तिला कळेना.

सकाळी तिला जाग आली ती चेनच्या आवाजाने. पलीकडच्या खोलीत रितेश मुंबईची बॅग उघडत होता. मग पावलं बाहेर गेली. सातच्या एसटीची वेळ. चिमाआत्या छपराकडे बघत पडून राहिली. जन्मभर तोंड चालवलं तेव्हा त्यापायी कोणी गेलं नाही, आणि एकदा गप्प बसले तर हे! बोलले असते तर रागावला असता, चार दिवस फुगून बसला असता. मी त्याला लहान मूल समजले. काचेचं भांडं समजले. तिला स्वतःचाच इतका राग आला की घोट्याची कळ विसरायला झालं.

इतक्यात घरामागून आवाज आला. धप्प.

थोड्या वेळाने पुन्हा, धप्प. दगडावर दगड पडल्याचा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. काठी घेऊन, भिंतीला धरून, लंगडत ती मागच्या दारी गेली.

रितेश गडगा उलगडत होता. पडलेला तर होताच, पण शेजारचा उभा राहिलेला, देखणा भागही तो स्वतःच्या हाताने काढून टाकत होता. खिंडारात त्याने करवंदीचे काटे रचले होते, गुरांना दोन-तीन दिवस थोपवायला तेवढे पुरे. आणि गुडघ्यांना बांधले होते लादी बसवताना बांधायचे ते जाड काळे पट्टे. बॅग उघडली होती ती त्यांच्यासाठी.

"मला वाटलं, गेलास," चिमाआत्या म्हणाली.

"आणि तुला लंगडती टाकून?" त्याचे डोळे लाल होते. रात्रभर झोपला नसावा. उठून त्याने घरातली खुर्ची आणली, काजूच्या सावलीत ठेवली आणि तिला बसवलं. "आत्ये, एक सांगतो. काल तू मेली असतीस तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? मला शिव्या घाल, दगड मार, चालेल. पण परत गप्प बसायचं नाय. शपथ घे."

"घेतली."

तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. एक दगड उचलला, फिरवून बघितला, आणि सवयीने त्याची रुंद बाजू बाहेर लावली. मग थांबला आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं.

चिमाआत्याने तोंड उघडलं. पहिली शिवी पुटपुटल्यासारखी आली. दुसरीला आवाज सुटला. आणि तिसरी पार बाळाच्या गोठ्यापर्यंत ऐकू गेली.