आईचा वाटा

आमचा दादा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. चांगलं म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, असलं सगळं पहिल्या वर्षाच्या पोरांच्या गळी उतरवतो. घरात आम्ही त्याला प्रोफेसर म्हणतो, आणि मी म्हणते तेव्हा ते कौतुकाने नसतं.

त्या दुपारी आईच्या घरी जेवणाच्या टेबलाशी आम्ही दोघंच समोरासमोर बसलो होतो. आई आतल्या खोलीत झोपली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिने एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे घर आणि चष्म्याचं दुकान, दोन्ही तिच्याच नावावर. "मी आहे तोवर वाटण्या करून टाका, मागून एकमेकांची डोकी फोडू नका," असं तिनेच आम्हाला सांगितलं होतं.

"सोपं आहे," दादा म्हणाला. "मी दोन वाटे पाडतो, तू आधी उचल. उरेल तो माझा. आपल्या पदरात कुठला पडणार हे ठाऊक नसलं, की माणूस झक मारत न्यायाने वाटतो."

त्याने घराची किल्ली एका बाजूला ठेवली, दुकानाची दुसऱ्या. मग उठला, कपाटातून आईची औषधांची डबी आणली आणि दुकानाच्या किल्लीला खेटून ठेवली.

"हे काय?"

"आई. दुकान जो घेईल, त्याने तिला न्यायचं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुकान भर बाजारात, या घरापेक्षा कितीतरी महाग. ते जास्तीचं कशाबद्दल, हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

"लाज वाटते का रे? माणसाला वस्तू समजू नका, असं पोरांना शिकवतोस ना तू? लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

"हळू बोल, ती उठेल. मी तिला वस्तू नाही धरलं, जबाबदारी धरलंय. आणि वाटे चुकलेत असं वाटत असेल तर तू पाड. मी उचलतो."

मी मनातल्या मनात पाडून बघितले, आणि माझेही तसेच पडले. आमची भाड्याची जागा, नवऱ्याची रात्रपाळी, माझी नोकरी. आईला उठवणार कोण, बाथरूमला नेणार कोण? त्यापेक्षा घर बरं. डोक्यावर हक्काचं छप्पर तरी होईल.

"माझी संध्याकाळची गाडी आहे," दादा म्हणाला. "उचल."

मी हात पुढे केला. बोटं घराच्या किल्लीला लागली आणि मागे वॉकरचा आवाज झाला.

आई दारात उभी होती. "माझी डबी कुठे गेली? दुपारची गोळी राहिली." मग तिची नजर टेबलावर गेली. डबीवर, किल्ल्यांवर, माझ्या हातावर. जन्मभर तिने ते दुकान चालवलं होतं. कोणाला लांबचं दिसत नाही आणि कोणाला जवळचं, हे तिला गिऱ्हाईक बसायच्या आधी कळायचं.

"अगं बाई, पडलेसुद्धा वाटे?" ती म्हणाली. "मी कुठल्यात?"

दादाने घसा खाकरला. "आई, तसं नाही गं..."

"न्यायाने पाडलेत ना?"

"हो, न्यायानेच."

"मग आता मी पाडते."

ती टेबलाशी आली. डबी उचलून तिने गाऊनच्या खिशात टाकली आणि दोन्ही किल्ल्या एका कोपऱ्यात ढकलल्या. "हा एक वाटा. घर, दुकान, सगळं." मग स्वतःच्या छातीवर हात मारला. "हा दुसरा. नुसती मी. चला, आधी कोण उचलतंय?"

दादा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे.

"तू आधी," तो पुटपुटला. "तू धाकटी."

मी खुर्ची पुढे सरकवली, पण आई बसेना. वॉकरवर भार देऊन तशीच उभी राहिली. आता ही पडणार, अशी भीती वाटली मला. तरी माझं तोंड उघडेना. मी आईला घेतलं की दुसरा वाटा अख्खा दादाचा, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

"आई," शेवटी मी म्हणाले, "तू चल माझ्याकडे."

"किती वेळ लागला गं तुला," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी उठून तिला धरलं. ती दादाकडे वळली. "उरलेलं तुझं. नियम तुझाच आहे."

"आई, मला असं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं म्हणायचं होतं? सांग ना. प्रोफेसर आहेस."

दादाने किल्ल्यांना हात लावला नाही, पण त्या आईकडे परतही सरकवल्या नाहीत. आई सगळा भार माझ्या खांद्यावर टाकून उभी होती, आणि मी मेली तिच्याकडे बघायचं सोडून त्या किल्ल्यांकडे बघत होते.