निळ्या पिशवीचा हेवा

“कापड ओढू नकोस. हात नुसता ठेव, ते आपणहून पुढं जातं.”

सासूबाई नव्या सुनेला माझ्यापुढं बसवून शिकवत होत्या. पहिलीच टीप वाकडी गेली, तशी सुनेची धाकटी नणंद फिदीफिदी हसली. ती सून म्हणजे आजच्या वहिनी आणि ती नणंद म्हणजे बेबीताई. साठी उलटली, तरी घरात त्या बेबीच.

मित्रांनो, मी या घरातली जुनी शिलाई मशीन आहे. अंग ओतीव लोखंडाचं, त्यावर सोनेरी वेल. कारखान्यातल्या रंगाऱ्यानं तो हातानं काढला होता. मी शाळेचे गणवेश शिवले, पडदे शिवले, बाळांची झबली शिवली. “टीप आहे की मोत्यांची ओळ!” असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी फुलून जायचे. मग तयार कपड्यांची दुकानं आली. मला टेबलाच्या पोटात मिटून ठेवलं आणि वरच्या फळीवर एक दिवस नकाशा पसरला.

नकाशा परदेशातला होता. समुद्रकाठच्या कड्यांवरून महिनाभर चालायची वाट. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बेबीताईंनी ती शोधली होती. कुठं पाणी मिळतं, कुठल्या ओढ्यावर पूल नाही, कुठल्या निवाऱ्यात खाट आधी राखून ठेवावी लागते, हे सगळं दोघी नणंद-भावजया माझ्या डोक्यावर बसून ठरवत होत्या. मी खाली अंधारात ऐकत होते.

मला वर काढलं ते फक्त पाठपिशव्या शिवायला. एक निळी वहिनींची, एक हिरवी बेबीताईंची. कापड इतकं हलकं की फुंकरीनं उडावं. आपल्याच लेकरांचा हेवा करणं बरं नाही, हे मला कळतं. पण देव साक्ष आहे, मला हेवा वाटला. मी जड, म्हणून जन्मभर एका खिडकीशी. आणि या कालच्या पोरी समुद्र बघणार!

पुढं वाईट झालं. भरलेली पिशवी घेऊन जिना चढायचा सराव करताना बेबीताई घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “रोज थोडं चाला.” पण त्या खुर्चीतून हलेनात. “वहिनी, तू जा,” असं तोंडानं म्हणायच्या आणि हातानं निळ्या पिशवीत सामान कोंबायच्या.

“छत्री घे. जाड चादर घे. हा कंदील घे. परक्या मुलखात कोण आहे तुझं?”

“बेबी, पिशवी आहे ती, हातगाडी नाही.”

“मग नको नेऊस. पड तिकडं आजारी!”

वहिनी ओझं कमी करायला धडपडत. त्यांनी टूथब्रशची दांडी कापली, सदऱ्यांची लेबलंसुद्धा उसवली. बेबीताई पुन्हा भर घालत. बोलणं काळजीचं होतं, पण त्याखालचा सूर मी ओळखला. तो माझाच होता.

एका दुपारी वहिनी जिन्यावरून हाशहुश करत परतल्या. खांद्यावर वळ उठले होते, पिशवीच्या पट्ट्याची टीप उसवली होती. त्या मटकन खाली बसल्या.

“नाही जमायचं. तिकीट रद्द करते.”

मला झालेला आनंद काय सांगू! वाटलं, आता बेबीताईही सुखावतील. पण त्या कितीतरी वेळ त्या वळांकडे बघत राहिल्या. मग उठल्या, आणि पिशवीतून छत्री काढली, चादर काढली, कंदील काढला.

“बघवत नव्हतं गं मला. वाट मी शोधायची आणि चालायची तू. वाटायचं, तूही इथंच राहावंस.”

“ते काय मला कळत नव्हतं?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझ्या जागी मी असते ना, तर कंदील नाही, अख्खं कपाट घातलं असतं.”

बेबीताईंना इतकं हसू आलं की खुबा धरावा लागला. मग त्या माझ्यापुढं सरकल्या. “पट्टा मी शिवते. पायडल तू मार.” आयुष्यात सुई न धरलेली बाई! टीप नागमोडी गेली. त्यांनी तिच्यावरून दुसरी मारली, मग तिसरी.

“मी जाईन,” वहिनी पायडल मारता मारता म्हणाल्या, “पण तू रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालायचंस.”

“बरं.”

“नुसतं बरं नको. वचन दे.”

“दिलं, बाई!”

इतकी कुरूप आणि इतकी पक्की टीप माझ्या सुईखालून कधी निघाली नव्हती. काल वहिनी गेल्या. निळीनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हेवा गेला असं म्हणवत नाही. अजून आत कुठंतरी करकरतो.

मित्रांनो, निघणाऱ्याची विचारपूस सगळेच करतात. मागं राहणाऱ्यालाही कधी विचारा, तुला कसं वाटतंय. माझ्यासारख्या कुणाला दोन थेंब तेल घाला, अंगावरची धूळ पुसा. मनात साठलेलं बोलायला मग सोपं जातं.

आज सकाळी बेबीताई बराच वेळ दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी चपला घातल्या, किल्ली घेतली, आणि कुणाला हाक न मारता, कठडा धरून, एक एक पायरी उतरू लागल्या.