जयवंतामायच्या तुळशीचे वाकडे पान

मी कापडावर नक्षी छापायचा एक जुना सागवानी ठसा आहे, मित्रांनो. अकोल्यात सरकी काढायच्या एका चरखीच्या डुगडुगत्या पायाखाली मला सरकवले आहे. माझ्यावर काय होते ते ऐकाच, कारण पाहायला आता काही उरले नाही.

मी मेळघाटच्या सागाचा तुकडा. शालिकराम रंगाऱ्याने मला कोरले तेव्हा त्याच्यापुढे नमुना नव्हता. लहानपणी डोळ्यांत भरले होते तेच त्याने काढले. काठाला पोळ्याच्या बैलाची झूल, कोपऱ्यांत पराटीचे, म्हणजे कपाशीचे, फूल आणि मधोमध त्याच्या आईच्या, जयवंतामायच्या, मनगटावर गोंदलेली तुळस. त्या तुळशीचे एक पान वाकडे होते. गोंदताना मांडीवरच्या शालिकरामने मायचा हात ओढला आणि सुई घसरली. पठ्ठ्याने ते पानही तसेच कोरले!

माझ्या छापाचे पहिले लुगडे पाहून माय हसली. "चुकलं थे बी काढलं का रे?"

"थेच तं तुई खूण व्हय, माय."

मग काय विचारता! आमच्या वलगावच्या बायका बाजारात "वाकड्या पानाचंच लुगडं दे" म्हणून अडून बसत. मी तांबड्या रंगात न्हाऊन निघे. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

पुढे माय गेली. तिचे लुगडे तिच्याबरोबर जळाले, बाजारातली विरून पोतेरी झाली. बाई दागिने इथेच ठेवते, गोंदण तेवढे सोबत नेते, असे आमच्याकडे म्हणतात. शालिकराम मात्र मला कुरवाळून म्हणे, "थे म्या सागात अडकवून ठेवलं."

त्यातच साता समुद्रापलीकडे लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. ज्वारीच्या वावरांत पराटी उभी राहिली. कापूस थेट मुंबईच्या वाटेला लागला. कोष्ट्याला सूत मिळेना, रंगाऱ्याला कापड मिळेना. शालिकरामचे बाकीचे ठसे एकेक करून चुलीत गेले. मी एकटा राहिलो.

एक दिवस कापसाचे अडते उत्तमराव दारात आले. त्यांना गाठींवर मारायला खुणेचा ठसा हवा होता. "वाळलेला साग कोठीच भेटून नाही राहिला. हा दे, पायलीभर जवारी देतो."

शालिकरामने मला छातीशी धरले. त्याची बायको पार्वताबाई आतून म्हणाली, "पोरगी कालपासून उपाशी हाये. द्या थे लाकूड."

द्यायच्या आधी त्याला एक छाप हवी होती. गावात कापसाचे डोंगर, पण त्याच्या घरात हातभर कोरे कापड नव्हते. अंगावरचे धोतर रंगाने केव्हाच काळे पडलेले. त्याने मला उरल्यासुरल्या रंगात बुडवून आपल्याच मनगटावर दाबले. कातड्यावर रंग धरत नाही, हे का रंगाऱ्याला सांगावे लागते?

सुताराने माझ्यावर रंधा मारला. झूल गेली, फूल गेले, तुळस गेली; त्या जागी उत्तमरावांची खूण कोरली. शालिकराम त्याच उत्तमरावांच्या गाठी उचलायला लागला. घामाने त्याचे मनगट धुऊन निघत होते. वाकडे पान सगळ्यांत शेवटी पुसले गेले. तो मनगटाकडे पाहत उभा राहिला, तर मुकादम ओरडला, "काहून थांबला बे?"

पुढे लढाई संपली, भाव कोसळला. उत्तमरावांची खूणही कोणाला नकोशी झाली, आणि मी इथे आलो.

मित्रांनो, ज्याची आठवण जपायची त्याची एक छाप घरात कापड असतानाच काढून ठेवा. एकट्या लाकडावर भरवसा ठेवू नका. मला उलटून पाहाल तर कापसाच्या गाठींची खूण दिसेल. जयवंतामायची तुळस माझ्यात कुठेही नाही.