थ्रेड सापडत नाहीत

राजेश्वरीने अडकलेल्या प्रोग्रॅमला आतली चूक शोधणारा डीबगर पुन्हा जोडला आणि पुन्हा तीच ओळ उमटली: थ्रेड सापडत नाहीत.

वराळ्याच्या एका कारखान्यातली पॅकिंगची यंत्रे तिच्या गटाच्या प्रोग्रॅमवर चालत. गेल्या आठवड्यात एक यंत्र वेळेवर थांबले नाही आणि त्यावर काम करणाऱ्या शालनमावशींची बोटे चिरडली. थांबवण्याचे बटण दाबायला त्यांनीच उशीर केला, असे वरून सांगितले जात होते. राजेश्वरी दवाखान्यात गेली तेव्हा मावशी एवढेच बोलल्या होत्या,

"बटन म्या येळेवर दाबलं व्हतं, ताई."

आज चाचणीच्या लिनक्स संगणकावर प्रोग्रॅम अगदी तसाच अडकला होता. त्यात एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी कोणते काम, म्हणजे कोणता थ्रेड, कुठे खोळंबला, ते डीबगरने लगेच दाखवले असते. पण कालपर्यंत धड चालणारा डीबगर आजच आंधळा झाला होता. काल संध्याकाळी या संगणकावर बसला होता नवाज, आणि यंत्र थांबवण्याचा भाग त्यानेच लिहिला होता.

डीबगर चालत नाही आणि आपल्याला नवाजचा संशय येतो, हे तिने गटप्रमुख आदिनाथ सरांच्या कानावर घातले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कुणाशी बोलू नका म्हणाले.

तरी तिला राहवेना. तिने नवाजला बोलावून शेजारी बसवले आणि त्याच्या बोटांवर नजर ठेवली. तो बिचकला नाही. थोडा वेळ शोधाशोध करून म्हणाला,

"डीबगर ज्या लायब्ररीच्या फाइलमधून थ्रेड वाचतो, ती कुणीतरी जुनी आणून बसवलीय. प्रोग्रॅमच्या लायब्ररीशी ती जुळत नाही."

"कुणीतरी?"

नवाजने मान वळवून तिच्याकडे पाहिले.

"मी काल फक्त लॉगमधल्या नोंदी पाहिल्या. ही फाइल बदलायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. तो मला कुणी दिलेला नाही."

त्याने जुळणारी लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि डीबगरला तिकडचा रस्ता दाखवला. पडद्यावर थ्रेडची यादी सरसर उतरू लागली.

तेवढ्यात आदिनाथ सर दारात येऊन उभे राहिले.

"लागलं का काही हाताला? त्या लायब्ररीच्या नादी लागू नका. जेवण झालं की हा संगणक फॉरमॅट करून सगळं पुसून टाकू."

राजेश्वरीने त्यांना लायब्ररीविषयी काहीच सांगितले नव्हते आणि नवाज त्याबद्दल बोलला तेव्हा ते इथे नव्हतेही. नवाजचा हात कीबोर्डवरच थांबला.

"थ्रेड अजून दिसत नाहीत, सर," ती म्हणाली आणि मॉनिटर दाराकडून वळवून तिने नवाजकडे केला.