बेटावरचा पंखा

मी तापट आहे असं माझ्या बायकोचं, सीतालक्ष्मीचं म्हणणं. सप्टेंबरात कुंभकोणमला पंखा बंद ठेवून चार दिवस बसा, आणि मग सांगा मला तापट कोण ते!

आमची एकुलती एक लेक लावण्या कॅरिबियनमधल्या एका बेटावर मेडिकल कॉलेजात शिकवते. बेटाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. ती गेल्यापासून माझ्या बायकोला इथलं हवामान दिसेनासंच झालंय. सकाळी कॉफीच्या आधी फोन उघडायचा आणि जाहीर करायचं, "आज बत्तीस, पण अंगाला लागतं बेचाळीस!" कुठे? तर बेटावर. इथे गच्चीत वाळत घातलेले सांडगे पावसात भिजत होते आणि ही खाली बसून दूधवाल्याला सांगत होती की आज ऊन कडक आहे. त्यानं बिचाऱ्यानं छत्री मिटली.

त्यात चक्रीवादळांचा मोसम आला. तिकडे वादळांना बायका-पुरुषांची नावं देतात, त्यामुळे सीतालक्ष्मीला शिव्या द्यायला फार सोय झाली. "ही मेली उत्तरेला वळत का नाही?" असं ती फोनच्या नकाशाला विचारायची, जणू ती शेजारच्या दारासुरमची टाउन बसच. मेली वळली नाही. सरळ बेटावर गेली, आणि लावण्याचा फोन लागेना.

तेव्हा मी ओरडलो नाही. मी स्कूटर काढली, सीतालक्ष्मीला मागे बसवलं आणि गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात नेलं. ती आत गेली, मी चपलांपाशी थांबलो. हीच माझी चूक. आत ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

घरी आलो, घामानं निथळत होतो, पंख्याचं बटण दाबायला गेलो तर तिनं हातावर फटका मारला.

"नवस बोललेय. वादळात तिकडचा करंट गेलाच असणार. लेकीच्या घरी पंखा फिरेपर्यंत आपल्या घरी फिरणार नाही."

"अगं, नवसात आपलं काहीतरी सोडतात! मला कशाला ओढलंस?"

"माझं काय उरलंय सोडायला?" ती म्हणाली. ते मात्र खरं. आमच्याकडच्या बायका नवसाला आवडीचा पदार्थ सोडतात. लावण्याच्या परीक्षेला हिनं वांगं सोडलं, नोकरीला फणस, व्हिसाला कॉफीतली साखर. भात आता डॉक्टरांनीच सोडायला सांगितलाय, त्यात विठ्ठलाला कसलं कौतुक?

त्याच संध्याकाळी निरोप आला. लावण्या सुखरूप, घराचं छप्पर जागेवर, फक्त सगळ्या बेटाचा करंट गेलेला. वादळ गेल्यावर तिकडे पानही हलत नाही म्हणे. वहीनं वारा घेत बसलेय, असं तिनं लिहिलं होतं. मी देवाला हात जोडले, डोळे पुसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझा पंखा आता बेटाच्या वीज खात्याच्या हातात आहे.

"हातपंखा तरी चालेल का?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "ती वहीनं वारा घेते. चालेल."

पहिल्या दिवशी मी हातपंखा हलवला. त्यानं जास्तच घाम आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चंद्रमौलीकडे पेपर वाचायला गेलो आणि पंख्याखाली ठाण मांडलं. जाहिराती वाचून झाल्या, मृत्यूच्या बातम्या पाठ झाल्या. त्याची बायको कॉफी विचारायची थांबली तेव्हा उठलो. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये जाऊन उभा राहिलो. काय गारवा! कार्ड घालायचं, काढायचं, चष्मा पुसायचा. बाहेर माणसं खोळंबली. त्यांतल्या एकानं काच ठोकली, "सार, तब्येत बरी आहे ना?" तो नेमका चंद्रमौली निघाला.

बातमी माझ्याआधी घरी पोचली. सीतालक्ष्मी एवढंच म्हणाली, "लेक तिकडे घामाघूम, आणि बाप एटीएममध्ये." मी हातपंखा घेऊन बसलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लावण्याचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे सकाळ होती. चेहरा उन्हानं रापलेला, पण हसत होती. "आई, अप्पा, हे बघा!" तिनं फोन वर धरला. पंखा! गरगर फिरत होता!

सीतालक्ष्मीनं विठ्ठलाला हाक मारली. मी मात्र बटणाकडे धावलो. दाबलं. आमच्या पंख्यानं एक गिरकी घेतली, बाहेर रस्त्यावर ट्रान्सफॉर्मर धडाम् वाजला, आणि सगळी गल्ली काळोखात बुडाली.

"अय्यो! अप्पा, तुम्ही दिसत का नाही?"

"करंट गेला," सीतालक्ष्मी म्हणाली. मग तिनं नवसाची सगळी हकीकत लेकीला सांगून टाकली. एटीएमसकट.

लावण्या उठली. फोनमध्ये तिचा हात बटणापर्यंत गेलेला दिसला. पंख्याची पाती हळू झाली आणि थांबली.

"तुमचा लागेपर्यंत माझा बंद," ती म्हणाली. "विठ्ठलाची शपथ."

"लाव तो!" मी असा ओरडलो की चंद्रमौली टॉर्च घेऊन दारात आला. "गाढवे, इतके दिवस भाजून निघालीस, लाव म्हणतो ना!"

"चिडू नका ना अप्पा. शपथ मोडता येते का, आईला विचारा."

आईला काय विचारायचं? आईनं डोळे पुसत हातपंखा उचलला होता आणि ती फोनवर वारा घालत होती.

"अगं, असा नाही," मी म्हटलं आणि पंखा तिच्या हातातून ओढून घेतला. "तिच्या तोंडावर यायला पाहिजे वारा." करंट येईपर्यंत मी फोनला वारा घालत बसलो.