पाव आटा

महाडात दिलावर मेस्त्रीचं गॅरेज ज्याला माहीत नाही, त्याची गाडी अजून कधी बिघडलेली नाही एवढंच समजायचं. माणूस कामाचा चोख आणि तोंडाचा फाटका. खोड एकच. दुसऱ्या कुणी नट आवळला की हा पाना घेऊन मागाहून जाणार आणि पाव आटा, म्हणजे पाव फेरा, जास्त देणार. स्वतःच्या मुलानं आवळला असेल तर हटकून.

मुलगा अझीम वेगळ्या वळणाचा होता. नट बेतानं आवळायचा आणि वर बहिणीच्या हिरव्या नेलपॉलिशनं एक रेघ ओढायचा, अर्धी नटावर, अर्धी जोडावर. रेघ सरकलेली दिसली की नट हलला हे कळतं, म्हणायचा. दिलावर त्याला चिडवायचा, "गाडी दुरुस्त करतंस का नटवतंस रे?"

सहा वर्षांपूर्वी पोलादपूरच्या राजेंद्रची गाडी अझीमनं हातात घेतली. गाडी राजेंद्रच्या आजोबांची, लांबलचक, अमेरिकेची, गिअर आपोआप बदलणारी. त्या गिअरचं लाल तेल दोन बारीक नळ्यांतून थंड व्हायला पुढं रेडिएटरकडे जातं. नळ्या गंजून गळत होत्या, त्या अझीमनं नव्या घातल्या. आठव्या दिवशी आंबेनळी घाटात सगळं तेल वाहून गेलं आणि राजेंद्र म्हाताऱ्या आईला घेऊन भर उन्हात तीन तास अडकला. गाडी ओढून घरी नेली आणि तणतणत गॅरेजात आला. दिलावरनं गाडी बघायचीही तसदी घेतली नाही. पाच गिऱ्हाइकांसमोर हात जोडून म्हणाला, "पोराचा हात कच्चा हाय. नट आवळायची अक्कल नाय त्याला."

अझीम तिथंच उभा होता. दोन महिन्यांनी तो कतारला गेला, पुढच्या वर्षी तिथं कामावर उंचावरून पडला. माती पण तिकडचीच मिळाली.

तेव्हापासून दिलावर एका वाक्याच्या आधारानं जगत होता. बायको, महरुन्निसा, डोळे पुसताना दिसली की म्हणायचा, "कडू बोललो, पण खोटं नाय बोललो." ती उठून चुलीकडे जायची.

आता राजेंद्रनं सहा वर्षं घरच्या शेडात पडून असलेली तीच गाडी टेम्पोला बांधून आणली. "चाचा, या वेळी तुम्ही स्वतः करा," म्हणाला आणि बाजारात निघून गेला.

दिलावर गाडीखाली शिरला. सहा वर्षांची घाण रॉकेलच्या फडक्यानं पुसली तशी रेडिएटरजवळच्या जोडावर हिरवी रेघ उमटली. अर्धी. तिची दुसरी अर्धी नटावर होती, पण तिथं नाही जिथं हवी होती. बरोबर पाव आटा पुढं. त्यानं नट सोडला. नळीचं फुलवलेलं तोंड जास्त दाबानं चिरलं होतं. अझीमनं नट बेतानंच आवळला होता. त्याच्यामागून पाना घेऊन कोण गेलं होतं, हे दिलावरला कुणी सांगायला नको होतं.

महरुन्निसा जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो ती नळी हातात धरून जमिनीवर बसला होता.

"मी फोडली गो," तो म्हणाला. "माझ्याच हातानं. मी खोटं बोललो."

ती शेजारी बसली. "मला ठाव होतं."

"तुला?"

"त्यो पोलादपूरला जाऊन गाडी बघून आलेला. मला बोलला, अब्बांना सांगू नको. लोकांनी त्यांच्या हातावर संशय घेतला तर गॅरेज बसंल. माझं काय, मी कुठं पन कमवीन."

"आनि सहा वर्सं तू गप?"

"पोर गेलं. तुमच्यापाशी ते एक वाक्य उरलं होतं. ते पन काढून घेऊ?"

डबा तसाच राहिला. दिलावरनं नवी नळी वाकवली, तोंड फुलवलं, नट बेतानं आवळला. हात सवयीनं पुन्हा पान्याकडे गेला आणि तिथंच थांबला. मग त्यानं बॅटरी जोडली, लाल तेल भरलं आणि खाली पुठ्ठा अंथरून इंजिन तासभर चालू ठेवलं. पुठ्ठ्यावर टिपूस पडला नाही. अझीमचं काम असंच कोरडं राहिलं असतं, नुसता हात आवरला असता तर. दिलावर त्या पुठ्ठ्याजवळ बसून ओक्साबोक्शी रडला.

संध्याकाळी राजेंद्र आला, वाकून बघितलं, खूश झाला. "याला म्हणतात हात, चाचा!"

गॅरेजात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. दिलावरनं त्यांच्याकडे बघून हात जोडले. "माझा हात नाय. अझीमनं तेव्हा आवळलं तेवढंच आवळलंय. त्याचं काम बरोबर होतं. मी बिघडवलं, आनि नाव त्याचं घेतलं."

राजेंद्रला आधी काही आठवेना. "अझीम... हां, तुमचा मुलगा! कतारला गेलेला ना? जाऊ द्या, जुनी गोष्ट," तो किल्ली खिशात टाकत हसला. "फोनवर त्यालाच सांगा की. खूश होईल."